राजी झालेलं कुलूप

अण्णा, आधीच सांगते, रागावू नका. मी कुलपं उघडते. म्हणजे धंदा नाही करत, कुणाच्या दारात पेटी मांडून बसत नाही. नुसती उघडते, माझ्या स्वैपाकघरात, ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून. उघडलं की परत लावते आणि परत उघडते. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, आणि ज्या गोष्टीला तुम्ही मला हात लावू दिला नाहीत, तीच गोष्ट मी साठीला टेकल्यावर घेऊन बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "येड लागलं का काय तुला?" लागलं असेल. तसंही इथं विचारणारं कोणी नाही.

मी धायरीत राहते. हसू नका. "हितं कुनाच्या दाराला कुलूप हाय? मी काय खायाचं?" असं म्हणून ज्या धायरीतून तुम्ही बिबवेवाडीला बिऱ्हाड हलवलंत, त्याच धायरीत मी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आता इथं एकेका दाराला दोन-दोन कुलपं आहेत आणि वर कॅमेरा. तुमचा धंदा जोरात चालला असता. आई शेवटपर्यंत माझ्याजवळच होती. तिला जाऊन चार वर्षं झाली. लग्न मी केलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही होतात तेव्हाच तो विषय संपला होता. कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसले. निवृत्त झाले तेव्हा शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि साहेब भाषणात माझं आडनाव चुकले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी तयार होऊन खुर्चीत बसले होते. कुठं जायचं नव्हतं, पण अंगाला सवय होती. त्या दिवशी मला कळलं की आपल्या घरात फ्रिज सोडून कुणी आवाज करत नाही.

सुरुवात आईच्या कपाटापासून झाली. ती गेल्यावर कपाटाची किल्ली सापडेना. किल्लीवाल्याच्या मुलीनं किल्लीवाला बोलवायचा, हे मला पटेना. फोनवर शोधलं तर जगभरातले रिकामटेकडे लोक घरी बसून कुलपं उघडताना दिसले. छंद म्हणून, अण्णा! कुणाचं काही अडलेलं नाही, किल्ली खिशात आहे, तरी तारा घालून बसलेत. मी आईच्या मोडक्या छत्रीची एक काडी काढली, तुमच्या कानशीनं घासली आणि चार दिवस त्या कपाटापुढं पाट टाकून बसले. उघडलं तेव्हा आत साड्या आणि डांबराच्या गोळ्या होत्या. त्या मी तशाच ठेवल्या, कपाट लावलं आणि पुन्हा उघडायला बसले.

पुढं छत्र्या पुरेनात. गाडीच्या वायपरमध्ये पोलादाची एक बारीक पट्टी असते, ती या कामाला फार चांगली. सिंहगड रोडवरच्या गॅरेजवाल्याकडं मागायला गेले तर तो म्हणाला, "काकू, गाडी कुठली तुमची?" म्हटलं, "गाडी नाही, नुसता वायपरच आहे." पहिल्या पट्ट्या मी गॅसवर लाल करून वाकवल्या आणि त्या सगळ्या वाया गेल्या. वाकल्या छान, पण ताण म्हणून राहिला नाही, शिजलेल्या शेवईसारख्या मऊ पडल्या. तुम्ही हे मला सांगितलं होतंत, पोलादाला जाळ दाखवायचा नसतो म्हणून. ऐकलं होतं, पण हाताला माहीत नव्हतं. आता मी थंडच घासते, अर्धा मिलिमीटर घासायला अख्खी दुपार जाते, आणि दुपार जाते हेच बरं वाटतं. कुलपं जुन्या बाजारातून आणते. तिथं बिनकिल्लीच्या कुलपांचा ढीग असतो. विकणारा पहिल्यांदा म्हणाला, "बाई, किल्ली नाही याला." म्हटलं, "माहीत आहे." "मग काय लोणचं घालणार?" आता माझ्याकडं चाळीसेक कुलपं आहेत, आणि खरंच लोणच्याच्या बरण्यांच्या फळीवर मांडली आहेत.

तुमची जागा मला रोज आठवते. मार्केट यार्डात, गूळ-भुसारच्या ओळीत, एका आडत्याच्या पायरीशी तुमची पेटी, मागं खिळ्याला लोंबणारी किल्ल्यांची मोठी कडी, आणि पत्र्यावर पिवळ्या रंगानं काढलेली हातभर किल्ली. शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन यायची. तुम्ही गुडघ्यांत कुलूप धरून बसलेले असता. गुळाच्या गाळ्यांची कुलपं सारखी अडकतात. गुळाचे हात कुलपाला लागतात आणि मग आत मुंग्या घर करतात. तुम्ही रॉकेलच्या वाटीत कुलूप बुडवता, मुंग्या वर यायला लागतात, आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "बघ, भाडेकरू निघालं." ज्या कुलपाची किल्ली हरवलेली असते, त्याच्यासाठी तुम्ही किल्लीची कोरी पट्टी चिमणीवर धरून काळी करता, आत घालून हलकेच फिरवता, बाहेर काढून उजेडात बघता. काजळी जिथं पुसली गेली, तिथं कानस. परत काळी, परत आत. वीस वेळा, तीस वेळा. शेवटी कट्‌ असा आवाज येतो. तेव्हा तुम्ही 'उघडलं' असं कधी म्हणाला नाहीत. 'राजी झालं' म्हणायचात. हा शब्द मी दुसऱ्या कुठल्या किल्लीवाल्याच्या तोंडून ऐकलेला नाही.

आणि तुमचा तो हट्ट. कुणाच्या बंद दाराला हात लावायचा तर आधी साक्षीला दोन माणसं. एकदा एक आडत्या तुमच्यावर खेकसला होता, "अरे, माझाच गाळा आहे, पाटी वाच की!" तुम्ही पेटीवर तसेच बसून राहिलात. "आसंल की शेट. दोन मानसं हुबी करा, मग हात लावतो." त्यानं शेवटी शेजारच्या गाळ्यातली दोन माणसं आणून उभी केली, तोवर तुम्ही तंबाखू मळत होतात. मला तेव्हा तुमची लाज वाटली होती. वाटायचं, एवढी ऐट कशाला, काम करावं आणि मोकळं व्हावं.

मी अकरा वर्षांची होते. शेजारचं बिऱ्हाड लग्नाला गावी गेलं होतं. दुपारी मैत्रिणींशी पैज लागली आणि मी केसातला आकडा अन् तारेचा एक तुकडा घेऊन त्यांच्या कुलपाला भिडले. कुठं दाबायचं ते तुमच्याकडं बघून बघून मला कळलं होतं. कुलूप उघडलं. मुली किंचाळल्या, आणि मी आत गेले. आपल्यासारखीच खोली, स्टो, घडी घातलेल्या वाकळा. मी त्यांच्या खाटेवर जरा वेळ बसले आणि बाहेर आले. संध्याकाळी तुम्हाला कुणीतरी सांगितलं. तुम्ही हात उगारला नाहीत. उंबऱ्यातच उभे राहून एवढंच म्हणालात, "कुलूप राजी झालं म्हंजी घर राजी झालं व्हय गं?" मग त्या दाराला कुलूप घातलंत आणि दोन दिवस कामाला गेला नाहीत. त्यांच्या पायरीवर बसून राहिलात. जेवायला आई तिथंच ताट आणून द्यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ते लोक एसटीतून उतरून आले, आणि त्यांच्या हातातल्या पिशव्या खाली टेकायच्या आत तुम्ही म्हणालात, "माझ्या पोरीनं तुमचं कुलूप उघाडलं. आत गेली हुती. काय गेलं आसंल तर बगून घ्या."

काही गेलं नव्हतं. पण आळीभर झालं. आई आत रडत होती, "सांगायची काय गरज हुती? कुनाला कळलं बी नसतं." वर्षभर आपल्या आळीतल्या कुणी तुम्हाला बोलावलं नाही. लोक साध्या किल्लीसाठी स्वारगेटपर्यंत जायचे आणि तुमच्या समोरून जायचे. तुम्ही मला त्यावरून एका शब्दानं बोलला नाहीत, फक्त पेटीजवळ बसू देणं बंद केलंत. मी डबा ठेवायची आणि परत फिरायची. दहावी झाले तेव्हा मी तुमच्याकडं बारीक कानस मागितली होती. तुम्ही मला पेन दिलंत. सोनेरी टोपणाचं होतं, चांगलं होतं. त्याच पेनानं मी चौतीस वर्षांतली पहिली काही वर्षं आलेल्या टपालाची नोंद केली.

आता समोरच्या बाईंचं सांगते. माझ्या दारासमोर एक निवृत्त शिक्षिका राहतात. वय एक्याऐंशी, एकट्या. सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. मी राहायला आले तेव्हा त्या माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "तुमची चप्पल माझ्या हद्दीत येते." मी चप्पल सरकवली. नंतर कधी वाटीभर आमटी, कधी दिवाळीचा फराळ, असं चालायचं, पण दारातल्या दारात. आत या असं त्या म्हणायच्या नाहीत आणि मीही म्हणायची नाही. त्यांची मुलगी नाशिकला असते. वर्षातून दोनदा महिनाभर बाई तिकडं जातात, आणि तेवढा महिना आमच्या मजल्यावर मी एकटी.

गेल्या थंडीत एका सकाळी नऊच्या सुमाराला त्यांच्या दारातून करपल्या दुधाचा वास यायला लागला. बेल वाजवली, उत्तर नाही. कान लावला तर आतून कण्हण्याचा आवाज. दाराला लॅचचं कुलूप, दुसरी किल्ली नाशिकला. लोक जमले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुताराला फोन केला, तो म्हणाला अर्धा तास लागेल. जिन्यात धूर दिसायला लागला होता. मी घरात गेले आणि चष्म्याच्या डबीत ठेवलेल्या माझ्या पट्ट्या घेऊन आले. आणि, अण्णा, माझ्या तोंडून काय निघावं? "दोन माणसं इथं उभी राहा." सेक्रेटरी म्हणाले, "अहो काकू, अख्खा जिना उभा आहे!"

पाऊण मिनिटात दार उघडलं. गॅस बंद केला. बाई न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या, खुबा मोडला होता. त्यांना दवाखान्यात नेलं, शस्त्रक्रिया झाली, आता वॉकर धरून चालतात. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. त्या दिवशी मला जिन्यात लोकांनी हात जोडले. मला फार बरं वाटलं. तुम्ही असायला हवे होतात असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून वारं फिरलं. सेक्रेटरी लिफ्टमध्ये म्हणाले, "पाऊण मिनिट! आमचं दार किल्लीनंसुद्धा एवढ्यात उघडत नाही." हसले, पण डोळे हसत नव्हते. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "कमाल आहे हो तुमची," आणि म्हणता म्हणता पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आठवड्याभरात जिन्यात पाटी लागली: 'सर्व सभासदांनी आपापली कुलुपे बदलून घ्यावीत. कारण विचारू नये. ते सर्वांना माहीत आहे.' मग सुतार आला. चार दिवस इमारतीत ड्रिलचा आवाज चालला होता, आणि मी दार लावून बसून मोजत होते, आज कुणाकडं. मला राग आला, रडू आलं. आपण एका माणसाचा जीव वाचवला आणि हे लोक आपल्यापासून दारं वाचवतायत, असं वाटलं. खरं सांगायचं तर तुमचाही राग आला, की हे असं होतं ते तुम्हाला माहीत होतं, तर नीट समजावून का नाही सांगितलंत?

पुढच्या महिन्यात खाली पार्किंगमध्ये मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, "कुणावर आरोप नाही. फक्त काकूंनी आपली ती अवजारं ऑफिसात जमा करावीत, असं काही सभासदांचं म्हणणं आहे." मी मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि बाई वॉकर ठोकत आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय. खोटं बोलणारं पोर मला पाठीवरून ओळखू यायचं. ही बाई माझ्या घरात मला विचारल्याशिवाय कधी आलेली नाही. त्या दिवशी आली म्हणून मी इथं उभी आहे. हे लिहून घ्या, मी सही करते. आणि ती पाटी काढा, त्यात शुद्धलेखनाची चूक आहे." कुणीतरी हसलं. सेक्रेटरींनी लिहून घेतलं. बाईंनी सही केली. मी त्यांचा वॉकर धरून उभी राहिले.

पाऊण मिनिट कसं पुरलं, ते तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. परकं कुलूप पाऊण मिनिटात कुणाला राजी होत नाही. फोनवरचे ते छंदवाले लोक सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगतात, दुसऱ्याचं कुलूप उघडायचं नाही आणि वापरातलं कुलूप उघडायचं नाही. मला दोन्ही पाठ होत्या. बाई पडल्या त्याच्या आधीच्या दिवाळीत त्या नाशिकला गेल्या होत्या. फळीवरची सगळी कुलपं मला राजी झाली होती, आणि त्यांच्यामागं काहीही नव्हतं. पलीकडं नुसती हवा. समोर मात्र एक दार होतं. पहिल्यांदा मला तीन दुपारी लागल्या. मनाला सांगितलं होतं, उघडायचं आणि लगेच लावायचं. उघडलं, आणि मी आत गेले.

काही घेतलं नाही, काही हलवलं नाही. खिडकीपाशी त्यांची वाचायची खुर्ची आहे, तिच्यात बसले. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर दुधाच्या खुणा. टेबलावर जुना चष्मा. उशीला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास. कुणीतरी इथं राहतं आणि परत येणार आहे, हे त्या खोलीला माहीत होतं, आणि माझ्या खोलीला ते माहीत नसतं. पाव तासानं उठून आले. त्या महिन्यात मी सहा वेळा गेले, अण्णा. एकदा मला त्या खुर्चीत झोप लागली. तशी झोप मला आई गेल्यापासून लागलेली नव्हती. जाग आली तेव्हा पहिल्यांदा भीती वाटायच्या ऐवजी बाईंनी चहा टाकलाय का ते बघावंसं वाटलं.

मीटिंगनंतर मी त्यांना वर घेऊन गेले. दारात त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "ही तुझ्याकडं राहू दे. दर वेळी तारा कुठं शोधत बसशील!" त्या दिवसापासून मला त्या अगं-तुगं करतात. रोज पाच वाजता मी किल्लीनं दार उघडते, त्यांच्या ओट्यावर दोघींचा चहा करते. साखर जास्त झाली की बोलतात, कमी झाली की बोलतात. माझ्या चपलेला आता त्यांच्या हद्दीत जागा आहे. मला असं कुणी बोलून किती वर्षं झाली होती, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. आणि रोज कप विसळताना मला त्यांची ती सही दिसते. बत्तीस वर्षं खोटं ओळखणाऱ्या बाईनं माझ्यासाठी खोट्यावर सही केली आहे, आणि ते त्यांना माहीत नाही.

तुम्ही त्या लोकांच्या पिशव्या खाली टेकायच्या आत सांगितलंत. मी सहा महिने झाले, तोंड उघडते आणि चहात आलं घातलंय का ते विचारते. सांगितलं तर काय होईल, ते मी मनात कितीदा बघितलं आहे. त्या ओरडणार नाहीत. नुसता हात पुढं करतील.

हे पत्र तुमच्या नावानं लिहिलंय खरं, पण तुम्हाला आता काय त्याचं. पाठवायचंच तर ते समोरच्या दाराखालून सरकवायला हवं. मध्ये चार पावलांचं अंतर आहे. सकाळपासून दोनदा उठले आणि दोनदा बसले. नाही सरकवणार, अण्णा. किल्ली परत द्यावी लागेल, आणि मला ती द्यायची नाही.